उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब दुबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच: ‘सुट्टीतली दुबईची हॉटेलं फार स्वस्त दिसतायत, बुक करू का?’ लहान मुलं आणि आई-वडील अशी सगळी वरात घेऊन मी तिथे भर उन्हाळ्यात दोनदा गेलोय. पहिल्यांदा सपशेल चुकलो, दुसऱ्यांदा मजेत राहून आलो. लोक साधारण ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने उत्तरं लिहून ठेवतोय.

उन्हाळ्यात जावं का? खरं सांगा.

नोव्हेंबर ते मार्च या काळात जमत असेल तर तेव्हा जा, पुढचं वाचूही नका. शाळेमुळे मे-जूनच हातात असतील तरी जाता येतं. फक्त दिवसाचं वेळापत्रक ऊन ठरवणार, आपण नाही, हे आधी मान्य करावं लागतं. पहिल्या खेपेला आम्ही निवांत न्याहारी करून दहाला बाहेर पडायचो. तिसऱ्या दिवशी धाकटीने खोलीबाहेर यायलाच नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला पहाटे बाहेर, दुपारी झोप आणि रात्री भटकंती असं केलं. शहर तेच, पण कुणी कुरकुरलं नाही.

चाळीस अंश तर आपल्याकडेही होतात. त्यात एवढं काय?

हा प्रश्न विदर्भातली मंडळी जरा अभिमानाने विचारतात. आकडा सारखा असतो, हे खरं. मे महिन्यात दुबईचं दुपारचं सरासरी तापमान अडतीस-एकोणचाळीसच्या आसपास असतं, जुलै-ऑगस्टमध्ये एक्केचाळीस-बेचाळीस. फरक पडतो तो रात्री. जुलै-ऑगस्टच्या रात्रीही पारा तीसच्या खाली क्वचितच उतरतो, त्यामुळे शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. दुसरी गोष्ट दमटपणाची. दुबईलगतचं पर्शियन आखात उथळ आहे, उन्हाळ्यात त्याचं पाणी बत्तीस-तेहेतीस अंशांपर्यंत तापतं आणि किनाऱ्यावरची हवा ओलीचिंब होते. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग गार करायची शरीराची युक्तीच निकामी होते. मॉलमधून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं धरतं, तेव्हा हे नीट कळतं. कॅमेऱ्याची काचही तशीच धुरकटते, तिला पाचेक मिनिटं द्या, पुसत बसू नका.

उलट ‘शमाल’ नावाचा वायव्येकडचा वारा सुटला की हवा कोरडी होते आणि धूळ उडते. ज्यांच्या घरात दमा आहे त्यांनी इन्हेलर बॅगेच्या तळाशी ठेवू नये.

मे, जून, जुलै, ऑगस्ट यांपैकी कोणता महिना?

मेचा पहिला पंधरवडा. रात्री अजून सुसह्य असतात आणि दमटपणा शिगेला पोचलेला नसतो. जून चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये दुबई समर सरप्राइझेस हा खरेदी-महोत्सव असतो. १९९८पासून तो दर उन्हाळ्यात भरतो आणि त्या काळात हॉटेलं, थीम पार्क मुलांसाठी बऱ्याच सवलती देतात. पैसे वाचतात, घाम जास्त जातो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुहैल तारा (आपला अगस्त्य) पहाटे दिसू लागला की उन्हाळा उतरणीला लागला, असं तिथले जुने लोक मानतात. तारा उगवल्या दिवशी गार होत नाही हेही तेच सांगतात.

रमजानची चिंता सध्या नको. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत सरकलाय. बकरी ईद मात्र मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये येऊ शकते. त्या दिवसांत गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.

दिवस कसा आखायचा?

तिथल्या कायद्याकडेच बघा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरीची कामं करून घ्यायला युएईत (संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो) बंदी आहे. सराईत कामगारालाही ज्या वेळी उन्हात उभं करत नाहीत, त्या वेळी आपण चार वर्षांच्या मुलाला रांगेत का उभं करायचं? मी तर ही वेळ दोन्हीकडून ताणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी धरतो. या वेळात फक्त छप्पर.

दुबईचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असतं आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. घरी साडेसहाला उठणारं पोर तिथे पाचला टक्क जागं होतं. त्याला परत झोपवायच्या फंदात पडू नका. जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं. दुधाचा पेला संपवून सरळ समुद्रावर किंवा खाडीकाठी जा, आठ-साडेआठला परत या, मग न्याहारी. दहापासून एखादी बंदिस्त जागा, एकच. दुपारी जेवण आणि झोप. सूर्य सातच्या पुढेमागे मावळतो, त्यानंतर पुन्हा बाहेर. बागांमध्ये, किनाऱ्यावर रात्री अकराला लहान मुलं खेळताना दिसतील, कारण स्थानिक लोकही असंच जगतात.

अर्ध्या दिवसात एकच ठिकाण. ‘एवढे पैसे भरलेत तर तेही उरकून घेऊ’ हे वाक्य निघालं की समजा, संध्याकाळ रडारडीत जाणार.

कोणत्या जागा उन्हाळ्यात बंद असतात?

टूर कंपन्यांच्या फोटोंवर जाऊ नका, त्यातले निम्मे हिवाळ्यातले असतात. मिरॅकल गार्डन, ग्लोबल व्हिलेज ही ठिकाणं हंगामी आहेत. साधारण ऑक्टोबरच्या पुढेमागे उघडतात आणि उन्हाळा चढला की मिटतात. नेमकी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून पॅकेजमध्ये यांची नावं असतील तर पैसे भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा. मिरॅकल गार्डनची फुलं बघायची म्हणून हट्टाने जूनमध्ये जाणाऱ्या एका काकूंना मी ओळखतो.

मग मुलांना दाखवायचं काय?

छपराखाली शहर भरपूर मोठं आहे. दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची मोठी टाकी मॉलमध्ये उभं राहून फुकट दिसते. तिकीट लागतं ते आतल्या बोगद्याला आणि वरच्या मजल्यावरच्या प्राणिसंग्रहालयाला. लहानग्यांना बाहेरूनच पुरतं. त्याच मॉलमध्ये बर्फावरच्या स्केटिंगचं रिंक आहे. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई शून्याखालच्या तापमानात असतं, तिथे पेंग्विन आहेत आणि जाड कपडे तिथेच मिळतात. सिटी वॉकमधलं ग्रीन प्लॅनेट म्हणजे काचेच्या इमारतीतलं वर्षावन. स्लॉथ नावाचा तो आळशी प्राणी बघून आमची धाकटी म्हणाली, ‘हा दुपारचे आजोबा आहे.’ पाळण्यांची हौस असेल तर आयएमजी वर्ल्ड्स ऑफ अॅडव्हेंचर संपूर्ण छपराखाली आहे. त्याला सबंध दुपार द्या.

८२८ मीटरच्या बुर्ज खलिफावर सूर्यास्ताचं तिकीट महाग असतं. सकाळचं घेतलंत तर स्वस्त पडतं, पण धुळीच्या दिवशी काही दिसत नाही, म्हणून आकाश बघून आदल्या दिवशी काढा. दुबई फ्रेम १५० मीटर उंच आहे. एका बाजूला जुनं शहर आणि दुसऱ्या बाजूला नवं दिसतं, आणि मुलांना खरी मजा वाटते ती पायाखालच्या काचेची. म्युझियम ऑफ द फ्युचर बाहेरून अप्रतिम. आत दहा वर्षांखालची मुलं वरच्या मजल्यांवर कंटाळतात असं माझं मत, घरातले बाकीचे सहमत नाहीत.

मला विचाराल तर उन्हाळ्यात चुकवू नये अशी जागा म्हणजे अल फहिदी ही जुनी वस्ती आणि शेजारची खाडी. तिथल्या घरांवर ‘बरजील’ म्हणजे वाऱ्याचे मनोरे आहेत. चारी दिशांना तोंडं असलेला हा चौकोनी मनोरा वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. त्याच्या बरोबर खाली उभं राहिलं की एसी नसताना माणसं इथे कशी राहिली, हे मुलांना न सांगता कळतं. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं उन्हाळ्यात किनारा सोडून अल ऐनसारख्या मरूद्यानांत, खजुरांच्या सावलीला जाऊन राहायची. अल फहिदीजवळच्या खाडीतून अब्रा नावाच्या लाकडी होडीने बर दुबईहून पलीकडच्या देराला एका दिरहममध्ये (दिरहम हे तिथलं चलन) जाता येतं. अख्ख्या सहलीत मुलांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर जा. वस्ती बघून झाली की अल शिंदगा संग्रहालयाच्या गार दालनांत शिरा.

समुद्रात पोहता येतं का?

येतं, पण दुपारी ते कोमट आंघोळीसारखं वाटतं आणि वाळूवर अनवाणी पाय टेकवत नाहीत. दुबई नगरपालिकेने २०२३मध्ये जुमेरा २, जुमेरा ३ आणि उम्म सुकैम १ हे किनारे रात्रीच्या पोहण्यासाठी तयार केले. मोठे दिवे आहेत आणि जीवरक्षक रात्रभर असतात. मुलांना न्यायचं तर तिथे किंवा पहाटे. भडक रंगाचे पोहण्याचे कपडे घाला, रात्री पाण्यात मूल चटकन दिसतं.

हॉटेलच्या तलावाबद्दल बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: पाणी गार करता का? आमच्या पहिल्या हॉटेलच्या गच्चीवरचा तलाव संध्याकाळी पाचला भाजी शिजेल असा होता.

वाळवंटातली सफारी करावी का?

पाच वर्षांवरच्या मुलांना घेऊन, हो. उन्हाळ्यात गाडी दुपारी तीननंतर न्यायला येते, वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारून होईपर्यंत ऊन कलतं. गरोदर बायका, पाठीचं-मानेचं दुखणं असलेले आणि तान्ही बाळं यांनी त्या उड्यांच्या गाडीत बसू नये. त्यांना थेट तळावर, म्हणजे वाळवंटातल्या कॅम्पवर सोडा म्हणून आधी सांगता येतं. जेवण भरपेट करून निघू नका. तळावर पंखे किंवा कूलर आहेत का ते विचारून घ्या. उंटावरचा फेरा दोन मिनिटांत संपतो, मोठ्या अपेक्षा ठेवू नका.

हॉटेल कुठे घ्यावं?

मेट्रो स्टेशनला चिकटून. नकाशावरचं ‘सातशे मीटर’ डिसेंबरमध्ये शतपावली असते आणि जुलैमध्ये शिक्षा. मुलं असतील तर स्वयंपाकघर असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट बरं, मऊ भात कधीही करता येतो. शाकाहारी जेवणासाठी करामा आणि बर दुबईतला मीना बाजार हे भाग सोयीचे. खोलीच्या दराशिवाय ‘टुरिझम दिरहम’ नावाचा कर हॉटेलच्या दर्जाप्रमाणे दर रात्री ७ ते २० दिरहम लागतो. तो बहुधा काउंटरवरच मागतात, तेव्हा भांडू नका.

अपार्टमेंटमध्ये एक गंमत होते. पाण्याच्या टाक्या गच्चीवर तापतात, त्यामुळे गार पाण्याच्या नळालाच कढत पाणी येतं. तिथले रहिवासी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि गरम पाण्याचा नळ सोडतात, कारण घरातल्या गीझरच्या टाकीत पाणी मुरून गार झालेलं असतं. काहीही असो, बाळाला पाण्यात घालायच्या आधी स्वतःचा हात घाला.

फिरायचं कशाने?

मेट्रोने. २००९पासून चालू आहे, गार आहे, चालकाविना धावते आणि पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी उभं राहायला मुलं भांडतात. तिकिटासाठीचं सिल्व्हर नोल कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहम शिल्लक असते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. डब्यात खाणं-पिणं चालत नाही, च्युइंगमसुद्धा. १०० दिरहम दंड आहे. पाण्याची बाटली प्लॅटफॉर्मवर जायच्या आधीच तोंडाला लावा. बायका-मुलांच्या डब्यात बाबा मंडळी चुकून शिरली तरी तेवढाच दंड. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, म्हणजे त्या दिवशीची पहाट टॅक्सीने. दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा पूल वातानुकूलित असला तरी बराच लांब आहे. आजी-आजोबांना टॅक्सीने थेट दाराशी न्या.

गाडी भाड्याने घेतलीत तर चार वर्षांखालच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे, नसेल तर ४०० दिरहम दंड. उभ्या गाडीत मुलाला ‘दोनच मिनिटं’सुद्धा ठेवायचं नाही. बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं, आणि तिथे तो गुन्हाही आहे. बसण्याआधी पट्ट्याचं धातूचं बक्कल हाताने तपासा. स्ट्रॉलरच्या बकलाने आमच्या पोरीच्या मांडीवर उठलेला डाग आठवडाभर होता. स्ट्रॉलरवर ओढणी टाकून सावली करू नका, आत हवा कोंडून भट्टी होते.

बॅगेत काय घ्यायचं आणि काय नाही?

आधी ‘नाही’. खसखस नेऊ नका. युएईत तिच्यावर बंदी आहे आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. म्हणजे अनारसे घरीच, आणि तयार मसाल्याच्या पाकिटांवरची घटकांची यादीही वाचा. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी ऑनलाइन परवानगी लागते. घरातल्या मोठ्यांच्या औषधांची यादी चिठ्ठीसह एकदा तपासाच.

आता ‘हो’. सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, ओआरएसची पाकिटं, आणि एक गोष्ट हसू येईल अशी: स्वेटर. बाहेर बेचाळीस आणि आत बावीस, असं दिवसातून दहा वेळा होतं. आतल्या एसीत मुलं कुडकुडतात. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टरही टाका.

पाणी किती प्यायचं? उष्माघात कसा ओळखायचा?

लिटर मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली म्हणजे कमी पडतंय. खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही, दर वीस मिनिटांनी घोट-घोट पाजायचं. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावर जास्त वेळा पाजा. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवायचं नाही.

मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय, मळमळतंय, अंग घामाने थबथबलंय, तर ताबडतोब गार जागी न्या, आडवं करा, कपडे सैल करा, घोट-घोट ओआरएस द्या. तासाभरात उतार पडायला हवा. पण बोलणं असंबद्ध झालं, तोल जातोय, झटके आले, शुद्ध हरपली, अंग तव्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात. ९९८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंग भिजवून वारा घाला. नीट शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप तसला नव्हे. प्रवासविमा घेतल्याशिवाय निघू नका.

आई-बाबांना न्यावं का?

डॉक्टरांना विचारून. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हात त्यांचा डोस बदलावा लागू शकतो आणि तो आपण ठरवायचा नसतो. इन्सुलिन तीस अंशांच्या वर गेलं की खराब होऊ लागतं, ते गार पिशवीत आणि कायम अंगाबरोबर. बाबा दुपारी खोलीत थांबतो म्हणाले तर थांबू द्या, आग्रह नको.

अबू धाबी एका दिवसात होईल?

अंतर सुमारे १४० किलोमीटर, दीड तास. होईल, पण शेख झायेद मशीद, लूव्र हे कलासंग्रहालय आणि स्वामीनारायण मंदिर ही तिन्ही एकाच दिवशी कोंबू नका. मशीद फुकट आहे, आधी ऑनलाइन नोंदणी लागते, बायकांना डोकं आणि हातपाय झाकावे लागतात. दुपार लूव्रमध्ये काढा, मशीद दिवे लागताना बघा, पांढरा संगमरवर तेव्हाच खरा खुलतो. फेब्रुवारी २०२४मध्ये उद्घाटन झालेल्या मंदिराला वेगळी संध्याकाळ द्या. सोमवारी मंदिर आणि लूव्र दोन्ही बंद. चपला काढायच्या ठिकाणांसाठी सगळ्यांचे मोजे पिशवीत असू द्या.

व्हिसाचं काय?

बहुतेक भारतीय पासपोर्टधारकांना आधी काढावा लागतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. मुलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे का ते आजच बघा. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर युएई २०२२पासून पर्यटक व्हिसा नाकारते. विमानतळावर हे कळणाऱ्यांची तोंडं मी पाहिली आहेत.

खर्चाचा अंदाज?

दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरसमोर घसरला की सहल आपोआप महागते. उन्हाळ्यात हॉटेल स्वस्त पडतं, पण करमणूक महाग पडते. हिवाळ्यात बाग आणि किनारा फुकट असतो, उन्हाळ्यात बहुतेक गार जागांना तिकीट. हा हिशेब लोक विसरतात. फुकटात बसणारी चांगली गोष्ट म्हणजे बुर्ज खलिफासमोरचं कारंजं, रात्रीचं.

घरी व्हिडिओ कॉल करता येतो?

व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. आजीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरते.

येताना काय आणावं?

हिवाळ्यात जाणाऱ्यांना न मिळणारी एक गोष्ट उन्हाळ्यात मिळते: ताजा खजूर. जूनपासून बाजारात आधी पिवळा-लाल, करकरीत ‘खलाल’ येतो, मग अर्धा पिकलेला, मधासारखा मऊ ‘रुतब’. आपण ओळखतो तो सुका खजूर ही त्याची शेवटची अवस्था. रुतब गरमीत टिकत नाही, निघायच्या दिवशीच घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. आम्ही दोन डबे घेतले होते. एक विमानतळावरच संपला.